पाठीमागून आलेली भरती

आमच्या घरातून समुद्र बघायला जायचं ते अमावस्येलाच. यात देवाधर्माचं काही नाही. सांबऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथे अमावस्येला औत धरत नाहीत. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा नियम मोडलेला नाही. त्या दिवशी ट्रॅक्टर धुतात, त्याच्यापुढे नारळ फोडतात आणि दिवसभर उभा ठेवतात. महिन्यातली त्यांची पक्की सुट्टी ती एकच. आजवर ते पाच-सहा वेळा समुद्रावर गेले असतील, पण प्रत्येक वेळी अमावस्येला, आणि तेही एकाच ठिकाणी, तळकोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी.

एवढ्यावरून समुद्र आपल्याला कळला, असं त्यांचं मत झालं होतं. "सकाळी पाणी लांब असतंय. बाराच्या आत काळ्या खडकापतूर येतंय आन् माघारी जातंय. त्याच्या म्होरं येत न्हाय," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे. आपल्या विहिरीबद्दल बोलावं तसं.

मला यातली चूक माहीत होती. नववीत मी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत काढले होते आणि त्या आकृतीला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. अमावस्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती मोठी होते. चंद्र फिरत फिरत पृथ्वीच्या जवळ आलेला असेल तर आणखी मोठी होते. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, त्याहूनही मोठी. आप्पांनी थंडीतल्या काही अमावस्या पाहिल्या होत्या आणि त्यांवरून खडकाची खूण पक्की केली होती. पण माझं हे ज्ञान इंग्रजीत होतं, आणि घरात मी कमी बोलते. शिवाय माझ्या वहीतला समुद्र म्हणजे पृथ्वीभोवती निळ्या पेन्सिलीने काढलेला एक लंबगोल होता. तो कोणाच्या अंगावर येऊ शकतो, हे मलाही खरं वाटलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, होळीनंतरच्या अमावस्येला, आप्पांनी आत्याला समुद्र दाखवायचं ठरवलं. आत्या त्यांची थोरली बहीण, सदलग्याला दिलेली. दूधगंगेच्या पुरात तिने दोनदा घर सोडलंय. गुडघे गेलेत, दोघांचा आधार घेतल्याशिवाय तिला दहा पावलंही टाकता येत नाहीत. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता.

"उद्या पाडवा, आन् तुमास्नी आज समुद्र सुचतोय व्हय?" आई म्हणाली.

"ऊस तुटून गेलाय, आक्का घरात हाय, परवापासनं रान नांगराय लागतंय. मग कवा दावू तिला? म्हातारी झाल्यावर?" आप्पा म्हणाले.

"म्हातारी काय व्हायची ऱ्हायलीया मी?" आत्या आतून ओरडली.

आई घरी थांबली. आम्ही तिघं पहाटे जीपने निघालो आणि आठच्या सुमारास पोचलो.

ती जागा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रस्ता संपतो तिथे सुरूची झाडं आणि माडांमध्ये मच्छीमारांची चार-पाच घरं. त्यांच्यापुढे वाळूचा एक खोलगट पट्टा, नांगराच्या रुंद तासासारखा. त्याचं एक टोक खाडीला लागतं. तो ओलांडला की वाळूचा लांबट उंचवटा, आणि उंचवट्यापलीकडे समुद्र. आम्ही पोचलो तेव्हा खोलगटात नुसती ओल होती. आप्पांनी आणि मी आत्याला दोन्ही बाजूंनी धरून तो पार केला. घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची पाण्याजवळ ठेवली आणि तिला बसवलं.

आत्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी पाहिलं. मग म्हणाली, "यव्वाऽ, ह्येला पलीकडचा काठच न्हाय गं."

घाटात जीपचं एक चाक बसत आलं होतं. आप्पांनी सुरूखाली जीप जॅकवर चढवली, चाक काढलं आणि कोणाच्या तरी स्कूटरवर मागे धरून पंक्चर काढायला नाक्यावर निघाले. जाताना उंचवट्यापलीकडच्या आम्हाला ओरडून म्हणाले, "तासाभरात आलो. आक्का, बस निवांत. पाणी त्या खडकापतूरच येतंय."

काळा खडक आमच्या बराच मागे, खोलगटाच्या कडेला होता. म्हणजे आप्पांच्या हिशोबानेही आमची खुर्ची बाराच्या आत हलवायला हवी होती. पण तोवर ते येणारच होते.

मी न बोलणारी असल्यामुळे मला दिसतं खूप. दोन माणसं एक होडी वर ओढत होती. ती आधीच इतर होड्यांच्या वर होती, तरी तिला माडाच्या बुंध्याला दोर बांधत होती. ऊन नुकतं चढत होतं, मासळी वाळायची वेळ ती, आणि एक बाई वाळत घातलेली मासळी गोळा करून टोपलीत भरत होती. मला नवल वाटलं. विचारावंसं वाटलं. पण कोणत्या शब्दांनी सुरुवात करायची हे ठरेपर्यंत माझी वेळ नेहमी निघून जाते.

ती बाईच टोपली कडेवर घेऊन आमच्याकडे आली.

"खंयसून इलात गो?"

"बेळगाव," मी म्हटलं.

"मग तुमका म्हायत नसतला. आज उधाण आसा, मोठा. हयसर बसू नकात. आवशीक घेवन पलीकडे चला."

ती बाई आत्यालाच माझी आई समजली होती. आत्या लाटा बघण्यात गुंग होती, शिवाय तिला त्या बाजूच्या कानाने कमी ऐकू येतं. मला मात्र सगळं ऐकू आलं आणि समजलंही. आत्याला पलीकडे न्यायचं तर आणखी एक माणूस लागणार होतं. म्हणजे या बाईला म्हणावं लागणार होतं, जरा हात लावता का. मी हसले आणि मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ तिने होकार असा घेतला असणार. ती निघून गेली.

मी आप्पांना फोन लावला. वाजत राहिला. त्यांचा फोन जीपमध्येच असणार, हे मला तेव्हा सुचलं.

"एक काटकी रोव बगू पाण्याच्या कडंला," आत्या म्हणाली. सदलग्यात पुराच्या दिवसांत असंच करतात, पाणी चढतंय की उतरतंय ते काटकीवरून कळतं. मी रोवली. चार लाटांत काटकी पाण्यात गेली. दुसरी रोवली, तीही गेली.

"चढतंय की गं!" आत्याला गंमत वाटली. "पर पाऊस कुठं हाय? आभाळ तर कोरडं ठणठणीत. वर धरणबी न्हाय सोडायला. मग पाणी येतंय कुठनं?"

मला उत्तर येत होतं. चंद्र, असं म्हणायचं होतं. दिवसाढवळ्या न दिसणारा चंद्र. मी म्हटलं, "भरती आहे, आत्या."

"असू दे. खुर्ची घे जरा मागं."

मी तिला उठवलं, एका हाताने पेललं, दुसऱ्या हाताने खुर्ची पाच हात मागे ओढली. ती धापा टाकत बसली आणि हसली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी आम्ही उंचवट्याच्या माथ्यावर आलो. वारा नव्हता. लाटाही फार मोठ्या नव्हत्या, फक्त प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा जरा आत येऊन थांबत होती. आत्याला नदीची सवय. पूर समोरून येतो, माणूस त्याच्याकडे तोंड करून एक-एक पाऊल मागे सरतं, आणि मागे नेहमी गाव असतं. मीही समोरच बघत होते.

"अजून दोन हात घे," ती म्हणाली. मी खुर्चीची पाठ धरायला वळले आणि मला मागचा खोलगट दिसला.

तिथे वाळू नव्हती. तिथे नदी होती. तपकिरी, रुंद, वेगाने वाहणारी, आणि तिचा आवाज अजिबात येत नव्हता. ती खाडीच्या तोंडाकडून जमिनीकडे, उलटी वाहत होती. नारळाची सोडणं, एक चप्पल, कोणाच्या तरी अंगणातला झाडू असं काय काय घेऊन आतल्या बाजूला चालली होती. आम्ही समोरच्या समुद्रावर नजर ठेवून होतो, आणि समुद्र खाडीतून वळसा घालून आमच्या पाठीमागे येऊन पोचला होता. काळा खडक मी शोधला. तो दिसेना. जिथे असायला हवा होता तिथे पाण्यात नुसता एक भोवरा फिरत होता.

उंचवट्याची आता पाच-सहा खुर्च्या मावतील एवढी पट्टी उरली होती.

"काय झालं गं?" आत्याने मान वळवली. तिने पाहिलं. पूर पाहिलेली बाई ती, तिला समजवावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला. "ह्ये मागनं कसं आलं?" ती हळूच म्हणाली. "मागनं कसं आलं गं ह्ये?"

मी पाण्यात उतरून पाहिलं. चार पावलांत कमरेपर्यंत आलं आणि मला बाजूला ढकलायला लागलं. मी परत फिरले.

"तू जा," आत्या म्हणाली. "तुला हिकडं-तिकडं हात मारता येतंय. जा आन् माणसं आण. मी बसतो हितंच."

"नाही."

"आगं, मी कुठं पळून चाललोय? जा!"

पलीकडच्या काठावर माणसं होती. तीच होडीवाली माणसं, तीच बाई, ओळीने काहीतरी उचलून नेत होती. शंभर पावलांवर. फक्त ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "एक्सक्यूज मी!" शाळेत बाईंच्या टेबलाजवळ म्हणायचे तेवढ्याच आवाजात. दुसऱ्यांदाही तेच निघालं. त्या क्षणी मला समुद्राइतकीच माझीही भीती वाटली.

आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि रानातल्या माणसाला बांधावरून मारतात तशी हाक मारली, "आगा येऽऽ! माणसं हाईत हितंऽऽ!"

सगळी वळली. बाईने हातातलं खाली टाकलं. माडाला बांधलेला दोर त्यांनी कोयत्याने तोडला, सोडत बसले नाहीत. होडी खोलगटात घातली आणि एक पुरुष व ती बाई वल्हवत तिरकी आली. तोवर लाटा उंचवट्यावरून पलीकडे सांडायला लागल्या होत्या. खुर्चीचे पाय वाळूत रुतले, आत्या एका बाजूला कलली, मी तिला छातीशी धरून उभी राहिले. ती मला धरून काहीतरी पुटपुटत होती. कन्नडमध्ये, देवाचं नाव असावं.

तिला होडीत घालायला तिघांना जोर लावावा लागला. खुर्ची तिथेच राहिली. आम्ही अर्ध्यात पोचलो तेव्हा ती तरंगायला लागली होती.

"सांगलंय मा तुका?" बाई वल्हं मारत मला म्हणाली. "सकाळीच सांगलंय!"

आत्याने हे ऐकलं. "तुला सांगितलं हुतं?"

मी मान हलवली. आत्याने माझ्या हातातला तिचा हात काढून घेतला नाही, पण तो सैल झाला. मला ते कळलं.

होडी थेट त्यांच्या अंगणाला लागली, कारण पाणी तिथे पोचलं होतं. आत्याला ओसरीवर बसवून ते दोघं नवरा-बायको घराच्या मागे धावले. मीही धावले. मागच्या परसात चिऱ्यांनी बांधलेली विहीर होती, काठ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. खाडीच्या बाजूला वाळूच्या पोत्यांचा बांध होता, अर्धा. एका टोकाला पोती रचलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी फट. फटीशेजारी भरलेली पोती तशीच पडली होती. आमची हाक आली तेव्हा ती रचण्याचंच काम चाललं होतं.

फटीतून पाणी आत आलं होतं. लाट नाही, जोर नाही. परसातून पसरत येत होतं आणि विहिरीच्या काठावरून आत उतरत होतं. घागर भरताना होतो तसा आवाज येत होता. आम्ही तिघांनी पोती टाकली, पण ते आता पाण्यात पोती टाकणं होतं.

"किती वेळ?" मी विचारलं. माझा आवाज निघाला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"आज पंधरावी तिथ," तो पुरुष म्हणाला. "पंधरा त्रिक पंचेचाळीस, त्येचो चवथो भाग. सव्वा अकरा. अजून अर्धो तास चढतला." त्यांचा हिशोब एवढाच असतो. तिथीची तिप्पट, भागिले चार, की भरतीची वेळ आली. चंद्र सध्या जवळ आहे आणि फाल्गुनातलं उधाण चढतं हेही त्याला महिन्यापूर्वीपासून माहीत होतं, कॅलेंडरवर त्याने खूण करून ठेवली होती. शिवाय दोन दिवस, वारा नसताना, लांबून लाटा येत होत्या. लांब कुठेतरी वादळ असणार, असं तो म्हणाला. म्हणून पोती भरून ठेवलेली. सगळं ठरलेलं होतं. अर्ध्या तासाचं काम राहिलं होतं, आणि तो अर्धा तास त्यांनी आम्हाला दिला.

बाईने ओसरीवर येऊन सकाळी भरून ठेवलेल्या हंड्यातलं पाणी आत्याला तांब्यातून दिलं. आत्या दोन घोट प्यायली. मग मागच्या बाजूला बघून तिच्या लक्षात आलं. पुरात विहीर गेली की काय होतं हे सदलग्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिने तांब्या खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे बाई. तुमाला लागंल."

"पी गो आत्ता," बाई म्हणाली.

आत्या प्यायली नाही.

पंक्चरचं दुकान उशिरा उघडल्याने आप्पांना वेळ लागला; ते आले तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. चाक खांद्यावर घेऊन ते गुडघाभर पाण्यातून येत होते. जीपच्या दारापर्यंत ओलीची रेघ होती. त्यांनी जीपकडे पाहिलं नाही, उंचवट्याच्या जागी असलेल्या पाण्याकडे पाहिलं. तिथे खुर्ची नव्हती, बहीण नव्हती, मुलगी नव्हती. चाक त्यांच्या खांद्यावरून पडलं. मी ओसरीवरून "आप्पा!" म्हणून ओरडले, तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तिथेच पाण्यात बसले.

नंतर ओसरीच्या पायरीवर ते एवढंच म्हणत राहिले, "खडकाच्या म्होरं येत न्हाय. कवाच आलेलं न्हाय." मग, "कुणी सांगितलं न्हाय व्हय तुमास्नी?"

आत्या गप्प बसली. ती काही बोलणार नाही हे मला कळलं. आणि तिचं न बोलणं मला ती बोलली असती त्यापेक्षा जड गेलं असतं.

"मला सांगितलं होतं," मी म्हटलं. "या काकूंनी सांगितलं. मी बसून राहिले. आणि आम्हाला आणायला आले म्हणून यांची विहीर गेली."

आप्पांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता मारतील. त्यांनी मला कधीच मारलेलं नाही.

"माणसां बुडतत तेवा बांध कोण घालीत रवता?" बाई मध्येच म्हणाली, जरा रागाने. मग परसाकडे तोंड करून म्हणाली, "पण आता ह्या पाण्यान डाळ पण शिजाची नाय."

आप्पा उठले. परसात जाऊन त्यांनी बांध पाहिला, पायाने दाबून पाहिला. "पुन्ना कवा चढणार पाणी?" त्यांनी त्या पुरुषाला विचारलं. रात्री, तो म्हणाला, आणि उद्या-परवा आजच्याहून वर. "मग वाळू ऱ्हायची न्हाय. माती कुठं मिळंल?"

बांध घालणं हे आप्पांना येतं. दुपारभर ते, तो पुरुष आणि शेजारचे दोघं माती खणत होते. बाई आणि मी पोती भरत होतो. आत्या ओसरीवर बसून तोंडं शिवत होती. मी आईला फोन करून उद्या पाडव्याला येत नाही म्हणून सांगितलं. का, हे सांगायला मला तीन वेळा सुरुवात करावी लागली.

विहीर उपसायलाही लावली. शेजारच्या घरातला पंप आणून पाणी खाडीत सोडत होते. दर थोड्या वेळाने बाई एक बादली वर काढून ओंजळीने चव घ्यायची, थुंकायची आणि बादली ओतून टाकायची. आधी मला वाटलं, उपसलं की नवीन झरे येतील. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत गेलं की खारट पाणी जमिनीतही उतरलंय. किती पावसाळे लागतील हे कोणी बोललं नाही.

उन्हं कलली तेव्हा तिने पुन्हा बादली काढली. या वेळी तिने स्वतः चव घेतली नाही. बादली माझ्यापुढे धरली.

"बघ गो. जरा बरां लागता?"

सगळे थांबले होते. आप्पा फावड्यावर हात ठेवून उभे होते, आत्याची सुई थांबली होती. मी ओंजळ तोंडाला लावली. मान हलवावी, हसावं, काहीतरी अर्धवट करावं असं मला फार वाटलं.

"खारट आहे," मी म्हणाले. "अजूनही."

"व्हय," ती म्हणाली, आणि बादली ओतून पुन्हा आत सोडली.